इंजेक्शननंतर दंड सुजून लालभडक झालाय, काय करू?

मनमौजी: परवा इंजेक्शन घेतलं, रात्रीपर्यंत दंड टम्म. आता खांद्यापासून कोपरापर्यंत लाल, हात लावला तर तवा. खाजही सुटलीये, बाही वर सरकत नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले "होतं असं". मला एवढंच सांगा, सेट्रिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) घेऊ का? जरा लवकर.

खडूस_काकू: कसलं इंजेक्शन? ताप? पू?

रानवारा: बर्फ. आमच्याकडे सगळ्यांचं बर्फानेच उतरतं.

अर्धशहाणा: बर्फाने गाठ बसते. गरम शेक द्या.

रानवारा: ताज्या सुजेवर गरम शेक? धन्य! आणि बर्फ फडक्यात गुंडाळून हं, थेट कातडीवर नाही.

सोनचाफा: बीसीजीनंतर (बाळांची क्षयाची लस) काही आठवड्यांनी फोड येतो, पिकतो, खपली धरते, व्रण राहतो. बाळाला काही लावू नका, फोड दाबू नका.

खडूस_काकू: बाळ कुठून आलं मध्येच? मनमौजी, लस कोणती ते बोला की.

मनमौजी: धनुर्वाताचीच हो, पत्रा लागला होता. ताप नाही, पू नाही. सेट्रिझिनचं कोणी बोलेल का?

रात्रपाळी: मी नर्स आहे. याआधीचा डोस कधी?

मनमौजी: मागच्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षीही, खिळा लागला तेव्हा. त्याचा काय संबंध?

रात्रपाळी: तोच तर संबंध. अंगात धनुर्वाताशी लढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) आधीच भरपूर, त्यात नवा डोस. मग ४ ते १२ तासांत दंडातच जोरात सूज येते. आर्थस रिअ‍ॅक्शन म्हणतात; तुमचं तेच वाटतंय, पण फोनवर भागवू नका, हात दाखवा. सुरुवातीचे डोस पूर्ण असतील तर किरकोळ स्वच्छ जखमेला १० वर्षं आणि मळक्या किंवा खोल जखमेला ५ वर्षं पुन्हा डोस लागत नाही. सेट्रिझिनने खाज कमी होईल, सूज नाही. तेही विचारूनच घ्या. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, पू दिसला तर थांबू नका. ओठ-डोळे सुजले, अंगभर गांध्या उठल्या किंवा दम लागला तर इथे लिहीत बसू नका, तडक इमर्जन्सीत जा.

अर्धशहाणा: मग दर जखमेला टीटी, म्हणजे हे धनुर्वाताचं इंजेक्शन, का टोचतात?

खडूस_काकू: कार्ड कोण जपून ठेवतं? विचारलं की "घेतलं असेल बहुतेक".

रानवारा: कमरेत दिलं असतं तर हात वाचला असता.

रात्रपाळी: तिथे चरबी जाड, सायटिक नस जवळ. म्हणून मोठ्यांना दंडातच.

मनमौजी: दाखवायला संध्याकाळी जातोय. रेघ मारली होती, आंघोळीत पुसली गेली. आता?

खडूस_काकू: मार्कर घ्या!