जुन्या लुगड्याची गोधडी: तुम्ही कशी शिवता? (अनुभव धागा)

तापीकाठ
थंडी पडली, पेटीतलं लुगडं बाहेर निघालं, म्हणून धागा काढला. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर भरतं. लांबीत चौघडी घातली की दोन मीटरची एकेरी गोधडी तयार, कात्री लागतच नाही. हिवाळ्यासाठी आत एखादी विरलेली चादर घाला. जमिनीवर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि मधून चारी कोपऱ्यांकडे कच्चे टाके घाला. हे टाळून थेट कडेने धावदोरा (सुई खाली-वर करत पुढे जाणारा साधा टाका) धरला तर कापड आत आत सरकतं नि मध्यावर फुगा येतो. उसवल्याशिवाय तो जात नाही.

सुईवाली
दोरा हातभरच. लांब घेतला की गुंता. मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या, पीळ कमी बसतो.

अमळनेरची
कोरं अस्तर लावणार असाल तर आधी रात्रभर भिजवा!! जुनं लुगडं आटायचं तेवढं आटलेलं असतं. कोरं पहिल्या धुण्यात आटतं, मग टाक्याटाक्याला चुण्या. आणि टेरिकॉट अजिबात नको, मे महिन्यात भुसावळला अंगाला चिकटतं

तापीकाठ
बठ्ठं खरं शे ताई 😄

शिरपूरकर
गोधडीचं माहीत नाही, शर्टाची खोळ सांगतो. 16 इंची चौकोनी उशीला बगलेखालचा 17 इंची चौकोन कापायचा. बटणं लावलेली ठेवून, पुढचा-मागचा भाग एकदम. सुलट बाजू आत, अर्धा इंच सोडून चारी बाजूंनी बखिया (सुई दर वेळी थोडी मागे घेऊन घातलेला पक्का टाका). बटणं उघडून उलटवा, झालं. चेन नको, काज नको. धावदोरा मात्र चालत नाही, उशी कोंबताना तटतटून उसवतो. शिवणीवर बटण येत असेल तर आधीच काढा, सुई मोडते.

केळीबाग
भाऊ जीन्सचं काय करायचं?

शिरपूरकर
बाजूची जाड शिवण कापून फेका. तिथून हाताने सुई जात नाही. राहिलेल्या पट्ट्यांची पिशवी करा, बंदाच्या जागी चौकोनात बखिया आणि आत फुली. वजन तिथेच येतं.

सुईवाली
लुगड्याचा काठ वाया घालवू नका, गोधडीच्या कडेला दुमडून लावा. आधी कडच विरते.

आखाजी
सगळी लुगडी गोधडीत घालू नका बायांनो, बिबड्यांना (कापडावर घालून वाळवायचे ज्वारीचे पापड) एक राहू द्या

केळीबाग
बिबडे फाटतात कापडावरून काढताना 😭

आखाजी
कोरडे ओढता म्हणून. कापड उलटं करा, मागून पाणी शिंपडा, दोन मिनिटं थांबा. मग अलगद सुटतात. आणि कापड सुतीच हवं.

अमळनेरची
ज्वारी किती दिवस भिजवता ते पण लिहा ना