शाळेच्या कागदावर गणितापुढे 'मॉडिफिकेशन' लिहिलंय, सही करू का?

चौथीतल्याची आई
मुलगा चौथीत आहे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण असल्याचं दोन महिन्यांपूर्वी कळलं. परवा शाळेत मीटिंग झाली. समोर चार जण, आणि भराभर शब्द येत होते: आयईपी, अकोमोडेशन, मॉडिफिकेशन, रेमेडियल. मी नुसती मान डोलावत राहिले. शेवटी हातात कागद दिला. त्यावर गणितापुढे लिहिलंय, 'मॉडिफिकेशन: दुसरीच्या पातळीचा अभ्यास'. शुक्रवारपर्यंत सही हवी आहे.

काल मी त्याच्यापुढे एक गणित ठेवलं. एका पेटीत 24 पेन्सिली, तर 6 पेट्यांत किती? 'पेन्सिली'मधल्या 'न्सि'वर बोट ठेवून तो कितीतरी वेळ बसला, मग वही ढकलून दिली. तेच गणित मी वाचून दाखवलं, तर माझं वाक्य संपतंय तोच म्हणाला, "144". मग दुसरीचं गणित कशाला? पण सवलत मागायलाही जीव कचरतो, बाकीच्या मुलांवर अन्याय होईल असं वाटतं.

विशेष शिक्षिका, 17 वर्षं
ताई, गणिताची ती ओळ बदलल्याशिवाय सही करू नका.

अकोमोडेशन म्हणजे सवलत. त्यात शिकायचं तेच असतं, तिथवर पोचायची वाट तेवढी बदलते. प्रश्न वाचून दाखवणं, जास्त वेळ, मोठा टाइप, तोंडी उत्तर. मॉडिफिकेशनमध्ये शिकायचा मजकूरच कमी होतो. काही मुलांना त्याची खरंच गरज असते आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. पण तुमच्या लेकाचं गणित अडलेलं नाही, वाचन अडलंय. दुसरीचं गणित दिलं तरी ते वाचावं लागणारच ना? वर आणखी दोन वर्षांनी बाकीचा वर्ग अपूर्णांक करत असेल आणि याची अजून हातच्याची बेरीज चालू असेल. ही दरी नंतर भरून काढताना मुलं फार थकतात, मी जवळून पाहिलंय.

1896 मध्ये ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी अशाच एका 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. वाचता येत नव्हतं, अंकगणित मात्र आवडायचं. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असं त्याचे शिक्षक म्हणायचे.

अन्यायाचं मनातून काढून टाका. त्याला प्रश्न वाचून दाखवला, उत्तर नाही सांगितलं. ते 144 त्याचंच आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दल संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार आहे, त्याच्या 24 व्या कलमात शिक्षणासाठी अशा वाजवी सोयी देण्याचं बंधन घातलेलं आहे. तुम्ही कुणाकडे मेहेरबानी मागत नाही आहात.

मात्र सवलतीने वाचन येत नाही, त्यासाठी रेमेडियल, म्हणजे वाचनाची खास शिकवणी, वेगळी हवीच. आयईपीत, म्हणजे त्याच्यासाठीच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, 'वाचन सुधारेल' एवढंच लिहिलं असेल तर परत द्या. असं लिहून घ्या: जोडाक्षरांचे 20 शब्द दिले तर 16 बरोबर वाचेल, सलग तीन वेळा, अमुक तारखेपर्यंत. शिकवणार कोण, आठवड्यात किती तास, तेही.

आठवीतलीचा बाबा
वरचं सगळं पटलं. एक भर घालतो. माझ्या मुलीला डिसग्राफिया आहे, म्हणजे तिचं लिहिणं अडतं, तिला लेखनिक मंजूर झाला. पहिल्या परीक्षेत अनोळखी लेखनिक शेजारी बसला आणि ही अर्धा तास गप्प! तोंडी सांगून लिहून घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं. मग दर रविवारी ती सांगायची, मी लिहायचो. "पूर्णविराम. नवा परिच्छेद. बाबा, तो शब्द खोडा." तीन महिन्यांत जमलं. म्हणून सवलत रोजच्या वर्गात आणि चाचण्यांनाही लिहून घ्या, फक्त वार्षिक परीक्षेपुरती नको.

चौथीतल्याची आई
आज वर्गशिक्षिकांसमोर त्याला तीन गणितं वाचून दाखवली. तिन्ही बरोबर आली. बाईंनीच पेन घेऊन ती ओळ खोडली आणि 'प्रश्न वाचून दाखवणे' लिहिलं. रेमेडियलचे तास सोमवारी ठरतील. विज्ञानालाही हेच लिहून घेऊ का?

विशेष शिक्षिका, 17 वर्षं
हो, जिथे जिथे वाचून उत्तर द्यायचंय तिथे सगळीकडे. फक्त भाषेच्या वाचन चाचणीत नको, तिथे वाचनच तपासायचं असतं. आणि रेमेडियलचा तास त्याच्या गणिताच्या तासावर येणार नाही, एवढं सोमवारी नक्की बघा.