मदत हवी आहे: आईच्या कानाखालची गाठ, सुईचा रिपोर्ट कळत नाही

चकली_७७:
आईची एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) झाली. रिपोर्टमध्ये 'बेसलॉइड निओप्लाझम' (निओप्लाझम म्हणजे पेशींची गाठ, एवढं कळलं) असं आहे. डॉक्टर म्हणतात, गाठ काढून टाका, मग नक्की सांगू. आधी काढायची आणि मग सांगणार, हे काय? कॅन्सर आहे का नाही, एवढंच सांगा. उद्या ऑपरेशनची तारीख कळवायचीय.

रानवारा:
वय? किती दिवसांपासून? दुखते का? तोंड वाकडं झालंय का? एमआरआय केला का? 'एवढंच' कसं सांगणार!

बाबूराव_पेन्शनर:
गालगुंड असेल. एरंडाच्या पानाचा शेक द्या. आमच्याकडे तिघांची बसली.

चकली_७७:
काका, गालगुंड दोन वर्षं राहतं का? वय ५८, उजवी बाजू, दुखत नाही. एमआरआयमध्ये पॅरोटिडच्या (कानाजवळची लाळग्रंथी) वरवरच्या भागात दीड सेंमी, कडा स्पष्ट. रिपोर्टखाली 'मिलान ४ब' असंही आहे.

सुगरण_पुणे:
सुई टोचायलाच नको होती, पसरतं त्याने.

रानवारा:
@सुगरण, बारीक सुईने पसरण्याचा धोका नगण्य असतो. टाळायचं असतं ते गाठ चिरून तुकडा काढणं. चकली, मिलान ही लाळग्रंथीच्या सुईच्या रिपोर्टची वर्गवारी. त्यात ४ब म्हणजे गाठ आहे हे नक्की, साधी की वाईट हे अनिश्चित. बेसल सेल अ‍ॅडिनोमा ही साधी पण दुर्मिळ गाठ आणि अ‍ॅडिनॉइड सिस्टिक हा कॅन्सर, दोन्हींच्या पेशी सुईत सारख्याच दिसू शकतात. गाठ आवरण फोडून शेजारी घुसलीय का, हे सुईत येणाऱ्या सुट्या पेशींवरून कळत नाही. त्याला अख्खी गाठच लागते. डॉक्टर टोलवत नाहीयेत.

विडीबंद:
माझ्या मामांना दोन्ही बाजूंना होती, वॉर्थिन नावाची लाळग्रंथीची साधी गाठ. डॉक्टर म्हणाले, नुसती नजर ठेवा. उगाच कापाकापी कशाला?

रानवारा:
वॉर्थिन बहुधा धूम्रपान करणाऱ्यांना होते आणि सुईत बऱ्यापैकी ओळखू येते, म्हणून थांबता येतं. इथे निदानच अडलंय. मामांचा नियम आईला लावू नका.

लिंबूटिंबू:
लिंबू चोखायला द्या, लाळेच्या नळीत खडा असेल तर सुटतो.

चकली_७७:
खडा नाहीये हो!! चेहऱ्याच्या नसेचं काय? आई त्यालाच घाबरलीय.

ओटीतली_ताई:
नस गाठीला खेटूनच जाते, म्हणून नुसती गाठ उपटत नाहीत. नस शोधून, तिच्यावरचा ग्रंथीचा भाग गाठीसकट काढतात. काही आठवडे ओठ किंवा पापणी कमजोर राहू शकते, बहुतेकांची सुधारते. कानाची पाळी मात्र बधीर राहते कधीकधी. पुढे जेवताना गालावर घाम आला तर दचकू नका, त्यावर इलाज आहे. सर्जनना विचारा: अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता, नर्व्ह मॉनिटर (ऑपरेशनभर नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र) आहे का, फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच गाठीची झटपट तपासणी) पाठवणार का.

चकली_७७:
तारीख घेतो. प्रश्न लिहून नेतो.

बाबूराव_पेन्शनर:
अवांतर: मेडिक्लेममध्ये हे बसतं का? आमच्या हिच्या मोतीबिंदूचे अजून अडकलेत.

विडीबंद:
काका, वेगळा धागा काढा.