मदत हवी आहे: रविवारी तलावावर जायचं आहे, नेहमीच्या काठावर गाळच गाळ

बोडीकाठ: दर मे महिन्यात आमचं सगळं घर एक दिवस आजीच्या माहेरच्या तलावावर जाते. काल पाहून आलो तर पाणी पार आत गेलेलं. काठाचा गाळ वरून भेगाळलेला, खाली लपलपीत. भाच्याचा पाय गुडघ्यापर्यंत गेला, चप्पल आतच राहिली. आम्ही 19 जण, गाडी ठरली आहे. लेकरांना पाण्यात बसता येईल असा उतरता काठ कुठं आहे? लवकर सांगा.

मोहफूल: निघणार कुठून? तलाव कोणता? लेकरं केवढी?

रामटेककर: रामटेकच्या खिंडसी तलावावर या. बोटिंग होते, गडमंदिरही होते. आम्ही मागच्या साली तिथंच गेलो.

बोडीकाठ: बोटिंग नको जी, लेकरांना पाण्यात बसायचं आहे. साकोलीजवळून निघतो. गावचा मामा तलाव आहे. लेकरं 7 जण, त्यातलं धाकटं 3 वर्षांचं.

घाटावरचा: मामाचा तलाव म्हणजे खाजगी का?

मोहफूल: मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा-गोंदियात असे तलाव गावोगावी आहेत, धानासाठी बांधलेले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, नाव राहिलं.

घाटावरचा: मग लोणारला या ना, उल्कापाताचं सरोवर आहे.

मोहफूल: अहो, विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला! आणि त्या खाऱ्या पाण्यात लेकरं बसवायची का?

नागभीडवाला: आमच्या घोडाझरी तलावासारखी जागा नाही. लहानपणी आम्ही बैलबंडीनं जायचो.

मोहफूल: घोडाझरी 2018 पासून अभयारण्य आहे. वाघाच्या भागात तीन वर्षांचं लेकरू काठावर सोडू नका.

नागभीडवाला: आम्ही तिथंच वाढलो, काही झालं नाही.

मोहफूल: माझ्या गावात झालं आहे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत. म्हणून सांगते.

पाटकरी: मी पाटबंधाऱ्यात 31 वर्षं काढली. तुमच्या तलावातला गाळ काढला का, ते आधी सांगा. 2017 पासून गाळमुक्त धरण योजनेत उन्हाळ्यात जेसीबी तलावात उतरतात, शेतकरी गाळ नेतात. काम चांगलंच आहे, पण मागं उभ्या कडेचे खड्डे राहतात. पाणी गढूळ असते. पोटरीभर वाटते आणि पुढच्या पावलाला पुरुषभर निघते.

बोडीकाठ: हो, मागच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर चालू होते. लिहायचं राहिलं.

पाटकरी: मग त्या पाण्यात एकही लेकरू उतरवू नका. सांगून ऐकतील म्हणाल तर ऐकत नाहीत.

रामटेककर: म्हणूनच खिंडसी म्हणतो.

गोवरी: इटियाडोह धरणावर जा, जवळ पडते. गोठणगावची तिबेटी वसाहत पाहा, तिथल्याच प्रतापगडला दर्शन घ्या. गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे लावणार ना?

पाटकरी: धरणाच्या भिंतीकडून उतरू नका, उतारावर बसवलेले पिचिंगचे दगड निसरडे असतात. आणि 15 जूनपर्यंत वणव्याचा हंगाम आहे, जंगलालगत गोवऱ्या पेटवायच्या नाहीत.

गोवरी: रोडग्यांशिवाय कसली सहल? वांग्याची भाजी काय पोळीसंगं खायची?

मोहफूल: घरीच भाजून न्या. तुपात बुडवून डब्यात ठेवले की दुपारपर्यंत मऊ राहतात. नाहीतर नवेगावबांधला जा. कोहळी समाजानं घातलेला जुना बांध, सात बहिणींचे डोंगर, आजी खुश होतील. पाण्यात उतरायचं मात्र नाही, राष्ट्रीय उद्यान आहे.

बोडीकाठ: आजीला विचारलं. ती म्हणते, दुसऱ्या पाण्याकडे मी कशाला येऊ? 82 वर्षांची आहे. याच तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, तिची वरात निघाली होती. म्हणून तलाव तोच ठेवला. पाळीवरच्या आंब्याखाली बसू, काठाकडे कोणी जाणार नाही. तिच्या भावाची वाडी पाळीला लागूनच आहे, लेकरं तिथल्या पाण्याच्या मोटारीच्या धारेखाली बसवू. पण लाइन दिवसा नसली तर?

पाटकरी: शेतीच्या फिडरला बऱ्याच ठिकाणी थ्री फेज लाइन आळीपाळीनं येते, काही दिवस रात्रीची, काही दिवस दिवसाची. आजच गावच्या वायरमनला विचारा. रात्रीची पाळी असेल तर शनिवारी रात्री टाकं भरून ठेवा.

बोडीकाठ: टाकं आहे, सिमेंटचं, माझ्या कमरेएवढं.

मोहफूल: कमरेएवढं भरू नका. अर्धा हात पाणी पुरे, आणि तिथं एक मोठं माणूस बसलेलंच पाहिजे.

बोडीकाठ: मीच बसते.