पूर्व आशियाई वाद्ये आणि ऑर्केस्ट्रा: वेगळी ठेवावीत की मिसळावीत?

खर्ज (चर्चाप्रस्ताव)

जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सु यांची 'नोव्हेंबर स्टेप्स' ही रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५ व्या वर्षानिमित्त लिहिली गेली आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली, तेव्हा ताकेमित्सु ३७ वर्षांचे होते. युद्धकाळाच्या कटू आठवणींमुळे जपानी संगीतापासून तरुणपणी दूर राहिलेल्या या संगीतकाराने बिवा (जपानी तंतुवाद्य) आणि शाकुहाची (बांबूची जपानी बासरी) ही वाद्ये अखेर हाती घेतली, पण ऑर्केस्ट्रात विरघळू दिली नाहीत. बराच काळ ही दोनच वाद्ये वाजतात आणि ऑर्केस्ट्रा गप्प असतो. बिवाच्या तारेचा, तंबोऱ्याच्या जवारीची आठवण करून देणारा झणत्कार आणि शाकुहाचीतील उघड फुंकर यांना व्हायोलिनांच्या गुळगुळीत थरात जागाच नसते. आजच्या तरुण संगीतकारांनी हे अंतर राखावे. चवीपुरती बासरी शिंपडून 'पूर्वेचा स्पर्श' दिल्याचा आव आणू नये, असे माझे मत आहे.

कोमल रिषभ

शिंपडण्याबद्दल सहमत, अंतराबद्दल मुळीच नाही. सोलमध्ये जन्मलेल्या, हँबुर्गला संगीतकार लिगेती यांच्याकडे शिकलेल्या आणि बर्लिनमध्ये स्थायिक झालेल्या संगीतकार उन्सुक चिन यांनी अशी पारंपरिक वाद्ये दीर्घकाळ टाळली होती. वू वेई यांचे शेंग या चिनी फुंकवाद्याचे वादन ऐकल्यावर मात्र त्यांनी २००९ मध्ये शेंग आणि ऑर्केस्ट्रासाठी 'शू' लिहिले. बांबूच्या नळ्यांचे हे वाद्य श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा वाजते, शिवाय एकाच वेळी अनेक सूर देते. त्यामुळे शेंग कुठे संपला आणि ऑर्केस्ट्रा कुठे सुरू झाला, हे कित्येकदा कानाला उमगत नाही, आणि मला त्या रचनेचे सौंदर्य नेमके तिथेच दिसते.

खर्ज

उदाहरण सोयीचे निवडले आहे. शेंग आपल्या पेटीप्रमाणेच रीडवर चालतो. त्याचे सूर बव्हंशी ठरलेले असतात, म्हणून तो सहज मिसळतो. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर अनेक वर्षे बंदी घातली होती, हे येथे आठवावे. ज्या वाद्यांत सूर सतत हलतो, त्यांचे काय?

मंद्र

वाद्याचा आग्रह कशासाठी, हे दोघांनीही सांगितलेले नाही. कोरियाचे संगीतकार इसांग युन यांनी १९७१ मध्ये 'पिरी' (एका कोरियन फुंकवाद्याचे नाव) ही रचना एकट्या ओबोसाठी लिहिली. एक लांबवलेला सूर, त्याला दिलेले कंप, घसीट आणि भोवतालचे अलंकार यांवर ती उभी आहे. कोरियन संगीताचा सुराविषयीचा विचार तिच्यात पूर्ण उतरला आहे आणि वाद्य मात्र युरोपीय आहे. तरुणांनी शिकायचे ते हे.

खर्ज

'पिरी' मान्य, पण तिच्यात ऑर्केस्ट्रा नाही, त्यामुळे माझा प्रश्न तिला लागूच होत नाही.

मंद्र

मग युन यांचेच 'रेआक' ऐकावे. ते मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी असून, कोरियन दरबारी संगीताचा आधार घेऊन लिहिले आहे, आणि जर्मनीतील डोनाउएशिंगेन येथे १९६६ मध्ये, म्हणजे 'नोव्हेंबर स्टेप्स'च्या वर्षभर आधीच, वाजवले गेले होते.