मदत केली, पण पीक बसलं. याला मराठीत शब्द काय?

धुऱ्यावरची बोर (आर्णी तालुका, यवतमाळ)

शब्द विचारायला आले आहे, पण आधी काय झालं ते सांगते, म्हणजे कोणता शब्द पाहिजे ते समजेल.

यांचा पाय मोडला, तेव्हापासून हे खाटेवरच आहेत. चार एकर वावर माझ्या एकटीवर. राखीला दोन दिवस माहेरी पुसदला गेले होते. तेवढ्यात माझ्या चुलत दिरांनी पाहिलं, की आमच्या पराटीवर (कपाशीवर) तुडतुडे आलेत, पानांच्या कडा लाल पडताहेत. वहिनी एकटी कुठं कुठं पुरेल, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशानं औषध आणलं, स्वतःचा पंप पाठीवर घेतला आणि दोन एकर फवारून दिलं. घरी कोणाला सांगितलंही नाही.

त्याच पंपानं आठवडाभर आधी त्यांनी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गाजरगवतावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं. नंतर पंप दोनदा पाण्यानं विसळला होता. पण ते औषध नळीत, नोझलमध्ये राहतंच, आणि पराटीला ते एवढंसंही सोसत नाही. थोड्याच दिवसांत शेंड्याची पानं अरुंद, लांबुळकी झाली, थेट भेंडीवानी. देठ पिळल्यासारखे. पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, गळायला लागल्या.

आता भाऊजी आमच्या दारावरून मान खाली घालून जातात. मला त्यांच्याशी बोलायचं आहे, पण तोंडात शब्दच येत नाही. 'नुकसान केलं' म्हटलं की आरोप होतो. 'चूक झाली' म्हटलं तर वर्षभराच्या पिकाला फार हलकं वाटतं. 'आगाऊपणा', 'लुडबुड' हे तर खोटंच आहे. मी घरी असते तर मीच त्यांना बोलावलं असतं. त्यांचं मन चांगलं होतं हेही त्या शब्दात राहावं आणि माझी पराटी गेली हेही. असा शब्द आहे का?

नागपूरकर मास्तर

ताई, सगळ्यांच्या ओळखीचं म्हणजे 'करायला गेलो गणपती, झाला मारुती'. मूळ संस्कृत 'विनायकं प्रकुर्वाणो रचयामास वानरम्'. दुसरं, 'होम करता हात पोळले'. 'अव्यापारेषु व्यापार' मात्र इथे घेऊ नका, त्यात नसती उठाठेव असा दोष येतो. 'उंटावरचा शहाणा' तर नकोच, तो नुसता सल्ला देतो. तुमच्या दिरांनी पंप पाठीवर घेतला.

तुमच्या अर्थाच्या अगदी जवळचा शब्द जर्मन आणि रशियन लोकांकडे आहे. ते याला 'अस्वलाची सेवा' म्हणतात. गोष्ट अशी, की झोपलेल्या मित्राच्या तोंडावरची माशी हाकलायला त्याचं लाडकं अस्वल दगड घालतं. माशी मरते, मित्रही मरतो. आपल्या पंचतंत्रात हेच काम राजाचं माकड तलवारीनं करतं. म्हणून 'मर्कटसेवा' असा शब्द करता येईल.

धुऱ्यावरची बोर

सर, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पण माकड आणि अस्वल दोघंही अडाणी. माझे दीर अडाणी नाहीत. गावात बियाण्याची पिशवी घेण्याआधी लोक त्यांना विचारतात. आणि होमाच्या म्हणीत ज्यानं होम केला त्याचेच हात पोळतात. इथं होम त्यांनी केला, हात माझे पोळले.

अकोटचा कास्तकार

शब्दाचं मास्तर पाहतील, मी पराटीचं सांगतो. बाई, घाईनं वखर घालू नका. टू-फोर-डी हे रुंद पानाच्या झाडाची वाढ बिघडवणारं औषध आहे. ज्वारी, गहू, ऊस ही गवताच्या जातीची पिकं ते सोसतात, पराटी नाही. पण सगळ्या वावराला सारखंच लागलं असेल असं नाही. पहिल्या पंपात जास्त उतरलं असेल, मग प्रत्येक पंपासोबत कमी होत गेलं असेल. कुठून फवारायला सुरुवात केली ते दिरालाच विचारा आणि तिथून पुढं एकेक तास, म्हणजे पिकाची ओळ, पाहत जा. जिथं नवी फूट सरळ पानाची येते आहे, ते झाड राखा. आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा करा. आमच्याकडं त्याला लाल पट्टा मारला आहे. नुसतं विसळून भागत नाही.

वरूडची माहेरवाशीण

'मानवली नाही' कसं वाटतं? पाणी मानवलं नाही, औषध मानवलं नाही, तशी मदत मानवली नाही. यात देणाऱ्याकडं बोट जात नाही.

धुऱ्यावरची बोर

ताई, तुमचं वाचलं आणि बरं वाटलं. फक्त ते थोडं मऊ आहे. पाणी मानवलं नाही तर सर्दी होते, इथं पात्या गळाल्या.

रात्री भाकरी थापताना सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या चुलीजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "काई बोलू नोको त्याले. पोरानं जीव लावून केलं. बाधली मदत आपल्याले."

बाधली! आग्रहानं वाढलेलं जेवण बाधतं तशी. वाढणाऱ्याच्या हातात विष नसतं, पण पोट तर दुखतंच. मला पाहिजे होतं ते सगळं त्यात आहे.

आज सकाळी त्यांच्या अंगणात गेले आणि म्हटलं, "भाऊजी, तुमची मदत पराटीले बाधली." ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग खुंटीचा दुपट्टा घेतला. म्हणाले, "किती बाधली, चाला पाहू वहिनी."

कास्तकार भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. विहिरीकडून त्यांनी सुरुवात केली होती, तिकडची तासं पुरी भेंडीवानी. मधली थोडी आकसलेली. नाल्याकडच्या शेवटच्या तासांना पानं सरळ आहेत, पात्याही टिकून आहेत. विहिरीकडच्या एका झाडाजवळ भाऊजी खाली बसले, शेंडा हातात धरून बराच वेळ पाहत राहिले. उद्या पुन्हा येतो म्हणाले, नवी फूट मोजायला.