प्रति: पेरोव्स्काइटचे विक्रम आणि आपलं छप्पर
'रोज नवा विक्रम, मग छपरावर का दिसत नाही?' असं वर विचारलंय. पेरोव्स्काइट म्हणजे उन्हापासून वीज करणारा एक स्फटिकी पदार्थ; त्याच्या सोलर सेलचे विक्रम खरेच आहेत हो. २००९ मध्ये योकोहामात संशोधक मियासाकांच्या गटाने ३.८ टक्के कार्यक्षमतेने (म्हणजे पडलेल्या उन्हाच्या ऊर्जेपैकी तेवढ्याची वीज) सुरुवात केली, आज आकडा २६च्या वर आहे. पण तो सेल बहुतेकदा नखाएवढा! मोठ्या काचेवर पेरोव्स्काइटचा तोच थर एकसारखा बसवताना कार्यक्षमता घसरते. ओल लागली की काळा थर पिवळा पडतो, म्हणजे त्यातलं लेड आयोडाइड (शिसं आणि आयोडीनचं पिवळं संयुग) सुटं होतं. (कोकणातला पाऊस डोळ्यांसमोर आणा.) म्हणून मी टक्केवारीआधी विचारतो: ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास, एवढ्यात सेल टिकला का? नेहमीच्या सिलिकॉन सेलवर हा थर चढवलेले टँडेम (दुहेरी) सेल मात्र बाजारात आलेत. ऑक्सफर्ड विद्यापीठातून निघालेल्या कंपनीने २०२४ मध्ये तशी पॅनेलं अमेरिकेला पाठवली.